बंद दिवे तीन

हॉटेलच्या फाटकाशी सव्वीस पामेटो उभे आहेत.
रात्रपाळीच्या वहीत त्यांचीही नोंद होते :
झाडं सव्वीस, दिवे चाळीस, बंद दिवे तीन.

त्यातली सात आमची.
म्हणजे लुव्हीनिया मावशीची,
खाजणाकाठच्या तिच्या तीन एकरांतली.
कर थकला त्या वर्षी
एक माणूस ट्रक घेऊन आला, टेप घेऊन आला,
बुंध्याच्या उंचीवर भाव ठरला.
या बेटावर माणसंही अशीच मोजून घेतलेली आहेत,
मावशी म्हणाली,
आणि सही केली.

उपटताना मी तिथंच होतो.
पामेटोचं तोडलेलं मूळ तोडल्या जागेवरून वाढत नाही,
मागे मागे मरत जातं.
बुंध्याच्या तळातून सगळी नवी फुटावी लागतात.
तोवर डोक्यावर एकही झावळी ठेवत नाहीत,
होतं तेवढं पाणी उडून जाईल म्हणून.
तर वर्षभर सात बोडके खांब,
लाकडांचे टेकू लावलेले,
येणाऱ्या गाड्यांकडे बघत उभे.
एका पाहुण्या बाईनं विचारलं, मेलीत का ही?
नाही मॅडम, म्हटलं,
नवीन लागलीत कामाला.
मीही त्याच आठवड्यात लागलो होतो.
टोपी डोक्याला मोठी होत होती.

आणखी एक सांगतात या झाडाचं.
ओकला घाव घाला, साल हळूहळू वरून चढते.
पामेटोला ते जमत नाही.
लागलं ते लागलं, तसंच अंगावर घेऊन
वर वाढत राहायचं.
फाटकापासून चौथ्या झाडात
ॲब्सलम काकानं ठोकलेला खिळा आहे,
मासे मारून आला की तो जाळं अडकवायचा त्यावर.
सव्वीस सारख्या बुंध्यांमधून
मावशीनं आपलं झाड ओळखलं ते त्या खिळ्यावरून.
काकाला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.
खिळा पूर्वी तिच्या डोक्याच्या वर यायचा, आता कानाशी येतो.
खोल पुरलंय झाड, मी म्हटलं.
असू दे, म्हणाली, हात पोचतो आता.

दर मंगळवारी, पहाटे पाचला, ती येते.
एप्रनच्या खिशात सुरी,
आणि घासून चपटा केलेला चमच्याचा दांडा.
पिशवी खिळ्याला अडकवते.
मिटलेलं, अजून पंखा न झालेलं कोवळं पान,
एका झाडाचं एकच,
गाभ्याला धक्का न लावता.
गाभा काढला की झाड संपलं,
हे तिला तिच्या आईनं हातावर चापट मारून शिकवलंय.
पानाच्या चिऱ्या होतात, चिऱ्यांनी गवत बांधलं जातं,
वेटोळ्यावर वेटोळं.
टोपलीत सगळ्यांना दिसतं, वास येतो ते गवत.
धरून ठेवते ती चिरी.

त्यातल्या दोन टोपल्या आमच्याच लॉबीत आहेत, काचेत.
खाली पाटी : हात लावू नये.
मावशीला सांगितलं तर इतकी हसली
की मला कॅमेऱ्याची भीती वाटली.

मॅनेजर काल वही चाळत होता.
दर मंगळवारी तीनच दिवे कसे जातात रे?
खारी हवा, सर. तारा खाते.
मग बदलत का नाहीस?
बदलतो ना, सर.
शिडी त्याचसाठी तर काढतो.

चौथ्या झाडाला लावतो शिडी.
खाली घट्ट धरून उभा राहतो, पाठ फाटकाकडे,
आणि ती वर चढते,
एकाहत्तर वर्षांची, बूट काढून,
एकेक पायरी माझ्या डोळ्यांसमोरून जाते
तिच्या टाचांची, भेगाळलेल्या, खाजणाची माती अजून बसलेल्या.
वरून आवाज येतो :
दिवा लाव रे एखादा,
काही दिसत नाही.